पावणेदोन वाजताचा पाठ

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दुपारी पावणेचार वाजता, घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयात, माझ्या बायकोला मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा आजार असल्याचं निदान झालं. ती तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती आणि डोंबिवलीतल्या एका खासगी शाळेत चौथीचा वर्ग घेत होती. नोकरीला तेवीस वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावलं. मज्जातंतूंकडून स्नायूंना जो निरोप जातो, तो शरीर स्वतःच वाटेत अडवतं. स्नायू शाबूत असतात, निरोप पोचत नाही. वापरला की स्नायू थकतो, विश्रांती दिली की परततो. म्हणून असा रुग्ण सकाळी धडधाकट दिसतो आणि दुपारी त्याची पापणी खाली येते, जीभ जड होते, घास गिळवत नाही. श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं तर जिवाला धोका असतो. पूर्ण बरं होण्याची हमी नाही. गोळ्यांनी आटोक्यात राहतो.

रक्ताची आणि नसांची तपासणी आधीच झाली होती. तरी डॉक्टरांनी तिच्या डाव्या पापणीवर दोन मिनिटं बर्फाची पिशवी ठेवली. पापणी वर आली. थंडाव्यात निरोप थोडा बरा पोचतो, असं ते म्हणाले.

"म्हणजे मला आता पापलेटासारखं बर्फात ठेवायचं?" बायकोने विचारलं.

डॉक्टर हसले. ती हसली नाही. तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला, "शिकवता येईल का?"

"आवाजाचं काम आहे तुमचं. बघू."

"बघू म्हणजे? हो की नाही?"

"आज नाही सांगता येणार."

घोडबंदरवरून डोंबिवली पश्चिमेला घरी पोचायला दोन तास दहा मिनिटं लागली. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असताना ती एकच वाक्य बोलली. "ते नाही म्हणाले नाहीत. तू साक्षीदार आहेस."

मी ठाण्यातल्या एका दैनिकात सत्तावीस वर्षं उपसंपादक आहे. काय झालं, कधी झालं, कोणी सांगितलं, एवढं लिहायचं आणि थांबायचं, ही सवय. त्या सवयीने मी दुसऱ्या दिवसापासून वही केली. गोळीची वेळ, पापणी किती वाजता पडली, एका श्वासात आकडे कितीपर्यंत मोजता आले. श्वासाचे स्नायू कसे आहेत हे कळायला घरच्या घरी तेवढी चाचणी पुरते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात ती एकोणीसपर्यंत जायची. माझी आई, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म संगमेश्वरकडचा, स्वयंपाकघरातून तिच्याबरोबर मोजायची आणि सत्तावीसवर थांबायची.

"आई, तुम्ही स्पर्धा लावू नका," बायको म्हणायची.

"मग तू पुढे जा की! मी काय धरून ठेवलंय तुला?"

आईने दृष्ट काढली. बायकोने काढू दिली आणि म्हणाली, "मिरच्या जास्त टाका, शाळेच्या ग्रुपवरच्यांचीपण काढायची आहे."

त्या ग्रुपचं सांगायला हवं. जुलैमध्ये, म्हणजे निदानाच्या आधी, चौथी ब च्या पालकांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं होतं की बाई दुपारच्या तासिकांना अडखळत बोलतात, डोळे अर्धे मिटलेले असतात, कोणीतरी जवळ जाऊन वास घेऊन बघा. खाली आठ जणांनी अंगठे दाखवले होते. तो संदेश मुख्याध्यापिकांपर्यंत गेला आणि तिथून संस्थेच्या चिटणिसांपर्यंत. बायकोला कोणी काही विचारलं नाही. तिला तो वर्गातल्या एका मुलाच्या आईने खासगीत पाठवला. वर लिहिलं होतं, "बाई, मला पटत नाही, पण तुम्हाला माहीत असावं."

निदानानंतरच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता, म्हणजे आवाज सर्वांत पडलेला असताना, बायकोने त्याच ग्रुपवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून टाकला. मी म्हणालो, सकाळी कर, स्पष्ट येईल. ती म्हणाली, "स्पष्ट आवाज त्यांनी ऐकलाय. तक्रार या आवाजाची आहे."

संदेश एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता. नाकातून येणारा, मध्येच विरणारा. तिने आजाराचं नाव सांगितलं, तो संसर्गजन्य नाही हे सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "ज्यांना वास घ्यायचा आहे त्यांनी घरी यावं. कॉफी ठेवते." ज्या गृहस्थांनी लिहिलं होतं त्यांनी संध्याकाळी स्वतःचा संदेश पुसला. कॉफी प्यायला कोणी आलं नाही.

सहा आठवडे तिने रजा घेतली. गोळ्या दिवसातून चार वेळा. आकडा वाढत तेहतीसवर गेला. डॉक्टरांनी पत्र दिलं की मधे विश्रांती मिळाली तर शिकवायला हरकत नाही. ते पत्र घेऊन ती शाळेत गेली. दोन दिवसांनी चिटणिसांचा फोन आला. तिने स्पीकर चालू केला.

"बाई, तुमच्या तब्येतीचा विचार करूनच म्हणतोय. कार्यालयात बसा. पंखा आहे, खुर्ची आहे. दाखले लिहायचे, बास."

"दाखले लिहायला सर, मी आजारी कशाला पडायला हवं होतं?"

"अहो, चेष्टा नका करू."

"मी वर्ग मागतेय."

शेवटी ठरलं ते असं. शनिवारी अकरा वाजता संस्थेच्या हॉलमध्ये तिने चौथीतल्याच बारा मुलांसमोर पंचवीस मिनिटांचा पाठ द्यायचा. समितीत चिटणीस, मुख्याध्यापिका, एक निवृत्त शिक्षणाधिकारी आणि संस्थेवरचे एक डॉक्टर. पाठ पटला तर वर्ग, नाही पटला तर कार्यालय.

इथे मी हिशेब केला. वर्तमानपत्रात प्रत्येक गोष्ट उलटी मोजतात. पान किती वाजता सोडायचं ते ठरलेलं असतं. तिथून मागे येत मजकूर कधी, फोटो कधी, मथळा कधी. गोळीचा असर पाऊण तासात पूर्ण चढतो आणि तीन-साडेतीन तास टिकतो. पाठ अकराला, तर गोळी सव्वादहाला. दोन गोळ्यांमध्ये चार तास हवेत, म्हणून त्या दिवशीची सकाळची सातची गोळी सव्वासहाला आणायची. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले चालेल. शिवाय सकाळपासून तिने बोलायचं नाही, आवाज राखून ठेवायचा. हा नियमही माझाच.

शनिवारी ती चिठ्ठ्यांवर बोलली. सातला चिठ्ठी आली, "चहात साखर नाही." साडेनऊला आली, "रिक्षात तू पण गप्प बस."

अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही हॉलमध्ये होतो. मुलं बेंचवर होती. मी वहीत नोंद केली की पापण्या दोन्ही वर आहेत. अकरा वाजून दहा मिनिटांनी मुख्याध्यापिका बाहेर आल्या. समितीतले डॉक्टर नवी मुंबईहून निघाले होते आणि शीळफाट्यावर एक कंटेनर आडवा झाला होता. ते आल्याशिवाय सुरू करता येणार नव्हतं.

मी मागे मोजत आलो होतो, पुढे काय होईल ते मोजलं नव्हतं. सत्तावीस वर्षांत उशिरा येणारी बातमी नेहमी गृहीत धरली. इथे धरली नाही.

साडेबाराला मुलांना वडापाव दिले. एकला तिची डावी पापणी थोडी उतरली. पुढची गोळी सव्वादोनला होती, ती आधी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. समितीतले डॉक्टर पोचले तेव्हा एक चाळीस झाले होते. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "तीनपर्यंत थांबू म्हणून सांगतो. गोळी चढू दे."

तिने सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. "नको."

"अगं, आता सगळ्यात वाईट वेळ आहे."

"शाळेत असते ना ही वेळ रोज? मग?" ती आत गेली.

पावणेदोनला पाठ सुरू झाला. विषय तिने घरी ठरवला होता तो, पाव, अर्धा, पाऊण. हॉलच्या भिंतीवर घड्याळ होतं. तिने तिकडे बोट केलं. "किती वाजले?"

"वन फॉर्टी फाइव्ह," पाच-सहा जण एकदम.

"मराठीत?"

मग एक मुलगी म्हणाली, "एक पंचेचाळीस." मागून कोणीतरी, "पावणेदोन."

"पावणेदोन म्हणजे दोनच्या आधी की नंतर?"

"नंतर," अर्धे म्हणाले. "आधी," बाकीचे. भांडण लागलं. तिने ते दोन मिनिटं चालू दिलं. मग फळ्यावर दोन पोळ्या काढल्या, दुसरीचा एक पाव खाऊन टाकला असं दाखवलं आणि विचारलं, किती उरलं. त्यांचं त्यांनाच कळलं की दोनला पाव कमी.

आठव्या मिनिटाला तिचा आवाज नाकात गेला. दहाव्याला 'पोळी' शब्दातला 'ळ' नीट उमटला नाही. चिटणीस मुख्याध्यापिकांकडे वळले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुम्हाला सर्दी झालीय?"

"नाही. माझे स्नायू दमतात. तू पळून दमतेस ना?"

"हो."

"मग काय करतेस?"

"बसते."

"मी पण बसते." तिने खुर्ची फळ्याजवळ ओढली आणि बसली. "आता मी घड्याळ काढणार. तू मोठ्याने वाचायचं. चुकलीस तर मागचे ओरडतील."

पुढची बारा-तेरा मिनिटं ती जवळपास काहीच बोलली नाही. डाव्या हाताच्या बोटाने डावी पापणी वर धरली, उजव्या हाताने घड्याळं काढली. सव्वातीन, साडेचार, पावणेसहा. मुलं वाचत होती, ओरडत होती. अडीचला 'साडेदोन' म्हणणाऱ्या मुलावर सगळा वर्ग तुटून पडला. तिने बोट वर केलं तसे गप्प झाले. एकदा खडू पडला. तिने तो वाकून उचलला नाही, दुसरा घेतला. दोन वाजून दहा मिनिटांनी पाठ संपला. मुलांना घरी सोडलं. समितीच्या डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. तिने दोन घोट सावकाश घेतले, तिसरा घेतला नाही.

निवृत्त शिक्षणाधिकाऱ्यांनी विचारलं, "बाई, हे रोज असंच होतं?"

मी मागच्या खुर्चीवरून म्हणालो, "नाही सर, आज गोळीची वेळ—"

तिने माझ्याकडे न बघता हात वर केला. वर्गात मध्ये बोलणाऱ्याला करतात तसा. मग थांबत थांबत म्हणाली, "रोज नाही. पण वाईटात वाईट असंच. ते तुम्ही बघितलंत. याच्यापेक्षा बिघडलं तर मीच रजा टाकीन. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

"आणि पालक?" चिटणीस म्हणाले. "त्यांना कोण सांगणार?"

"त्यांना मी सांगितलंय. तुम्हीच राहिला होतात."

मुख्याध्यापिकांनी वहीत काहीतरी लिहिलं. समितीच्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं. कळवतो, असं चिटणीस म्हणाले.

सव्वादोनची गोळी तिने हॉलच्या पायऱ्यांवर बसून घेतली. घरी येईपर्यंत तिला हनुवटी हाताने धरावी लागत होती. आईने भात ताकात कुस्करून ठेवला होता.

"काय झालं?" आईने विचारलं. "घेतलं का त्यांनी तुला?"

बायकोने चिठ्ठी लिहिली आणि आईसमोर सरकवली. आईजवळ चष्मा नसल्याने ती मी वाचली. "पेपर सोपा होता. तपासणारे कच्चे आहेत."

त्या संध्याकाळी मी माझी वही बघत होतो. अकराच्या नोंदीखाली पुढचं सगळं कोरं होतं. पावणेदोनच्या पाठाचंही मी काहीच लिहिलं नव्हतं. तिने वही माझ्या हातातून घेतली, शेवटचं पान उघडलं आणि लिहिलं, गोळ्यांच्या वेळा आता मी ठरवीन. तेव्हापासून वही तिच्याकडे आहे.

पत्र गुरुवारी आलं. एक पान, संस्थेचा शिक्का. चौथी ब चा वर्ग तिच्याकडेच राहील. सकाळच्या चार तासिका तिच्या, मधल्या सुट्टीनंतर सहायक शिक्षिका. वर्गात खुर्ची देण्यात येईल. तीन महिन्यांनी फेरआढावा. 'तब्येतीच्या कारणास्तव अध्यापनात व्यत्यय आल्यास संस्था पुढील निर्णय घेईल' हे वाक्य तिने लाल पेनने अधोरेखित केलं, 'व्यत्यय' म्हणजे किती, याची लेखी विचारणा केली आणि पोच घेऊन आली. त्या विचारणेला अद्याप उत्तर आलेलं नाही.

सोमवारी ती सकाळी सातला शाळेत हजर झाली. पहिल्या तीन तासिका तिने घेतल्या. मग आवाज जड झाल्यावर तिनेच निरोप पाठवला आणि चौथी तासिका मुख्याध्यापिकांनी घेतली.