एकही भोक सोडू नकोस

उताणे हे त्यांचं आडनाव नव्हे. उमेदीची सगळी वर्षं गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून काढली, म्हणून वर्कशॉपने ठेवलेलं ते नाव. गाव समुद्राकाठचं. खाऱ्या हवेत गाडी वरून नवरीसारखी नटलेली आणि खालून चाळण झालेली, असं नेहमीचंच. उताणे तारेच्या ब्रशने गंज खरवडत, पत्रा पांढरा दिसेपर्यंत. मग रॉकेलने पुसत, सुकू देत आणि त्यानंतरच काळा लेप चढवत. घाई करणाऱ्याला म्हणत, "गंजावर लेप म्हणजे घाणीवर चादर. जा, दुसरीकडून करून घे."

घरची गाडी मात्र त्यांची नव्हती, बायकोची होती. निळी, जुनीच घेतलेली. बायको ठेंगणी, म्हणून सीट पार पुढे ओढलेली. ती गेल्यावरही उताण्यांनी सीट मागे सरकवली नाही. गुडघे स्टिअरिंगला घासायचे. घासू दे.

या गाडीचा लेप ते स्वतः लावत. एका वर्षी शिडीवरून पडले आणि खांद्याचं हाड मोडलं. लेपाचा डबा आणून ठेवलेला. बायको म्हणाली, "मी करते."

"तू?"

"कढयांची बुडं आजवर कोण घासत आलंय? ही जरा मोठी कढई."

ती पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरली. उताणे गळ्यात हात बांधून खिडकीशी खुर्ची टाकून बसले आणि तिथून हाका मारू लागले.

"पत्रा पांढरा दिसला का?"

"अहो, तोंड दिसतंय त्यात. बघवत नाही, ती गोष्ट वेगळी."

"मग लाव लेप. आणि ऐक, एकही भोक सोडू नकोस."

"नाही सोडत!"

उताण्यांच्या धंद्यात गंजाने पडतं ते भोक. आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून कारखान्यानेच ठेवलेलं असतं, तो निचरा. निचऱ्याला कुणी भोक म्हटल्याचं उताण्यांनी कधी ऐकलं नव्हतं. निचरा म्हणजे काय, हे बायकोला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

ती बाहेर आली ती कोपरापर्यंत काळी. "एकसुद्धा सोडलं नाही. ब्रशने भरेना तिथे अंगठ्याने दाबून भरलं."

खांदा सांधल्यावर उताण्यांनी वाकून टॉर्च मारली. लेप सारखा, कुठे ओघळ नाही. "बरं आहे," ते म्हणाले. वर्कशॉपात एवढी शाबासकी कुणाच्या वाट्याला आली नव्हती. तिने ती शेजारणींना सांगितली, माहेरी फोन करून सांगितली. त्या खांद्याने उताण्यांना पुन्हा गाडीखाली जाणं जमलं नाही. पुढच्या वर्षांचे लेपाचे हातही तिनेच दिले, तेवढ्याच जिव्हाळ्याने. मग तिचं आजारपण निघालं आणि थोड्याच दिवसांत सगळं आटोपलं.

अलीकडे ब्रेक मारला की दाराखालून डुबुक असा आवाज येऊ लागला. उताण्यांनी गाडी मेहुण्याच्या गॅरेजात नेली. तो बायकोचा धाकटा भाऊ, वेल्डर.

"दाजी, गाडी आहे का शहाळं?" म्हणत त्याने गाडी लिफ्टवर चढवली.

तिचं काम उताणे पहिल्यांदाच उभ्याने, उजेडात पाहत होते. दाराखालच्या पोकळ पट्टीला एका रांगेत खळगे होते, काळ्या लेपात दाबलेले. प्रत्येक खळग्यात एक तिरकी रेघ. बायकोच्या अंगठ्याला कधीकाळी सुरी लागली होती, त्या वणाचा तो ठसा. उताणे मान वर करून तसेच राहिले.

मेहुण्याने पट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो बिस्किटात जावा तसा आत गेला.

"कुठल्या गाढवाने केलंय हे? सगळे निचरे बुजवलेत! पाणी काय उडून जाणार होतं? आणि दाजी, तुमच्याच गाडीला?"

"तुझ्या ताईने केलंय."

मेहुण्याने स्क्रूड्रायव्हर हळूच बाहेर काढला. म्हणाला, "तिला बिचारीला काय ठाऊक. कुणीतरी सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं ना. एकही भोक सोडू नकोस म्हणून. मीच सांगितलं."

मेहुण्याने स्क्रूड्रायव्हर पुसून खिशात घातला.

"वाचेल का रे?" उताण्यांनी विचारलं. आजवर हा प्रश्न लोक त्यांना विचारत आले होते.

"टाका मारायला धड पत्रा लागतो, दाजी. इथे धरलं तर शेजारचं सुटेल. सगळी आतून गेलीय. भंगारात द्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तेवढा अंगठ्याच्या ठशाचा तुकडा कापून देऊ का? घरी ठेवाल."

"मागून सडलाय तो. हातात भुगा येईल." उताण्यांनी हात पुढे केला. "टोच्या दे."

"आता कशाला? भंगारातच जायचीय."

"पाणी कोंडलेली गाडी मी कुणाच्या ताब्यात दिलेली नाही."

त्यांनी पहिल्या खळग्यात टोच्या घातला. लेप निघेना. चांगला दाबून भरला होता, काम चोख होतं. जोर लावल्यावर सुटला, आणि तांबडं पाणी मनगटावरून बाहीत उतरलं. मेहुण्याने बादली सरकवली. उताणे पुढच्या खळग्याकडे वळले. दुखरा खांदा वर राहीना, तेव्हा डाव्या हाताने कोपराला टेकू दिला.

शेवटच्या खळग्यापाशी थांबून त्यांनी खिशातला रुमाल काढला. खळग्यातली धूळ पुसली. वणाची रेघ स्वच्छ दिसली. मग तिच्यावर टोच्या टेकवला.