ओरडल्याशिवाय पॉइंट नाही

गेल्या मंगळवारी, संध्याकाळचा क्लास सुरू होता होता, आमच्या सेन्सेईंवर अन्याय झाला. सेन्सेई म्हणजे गुरू. आमच्या सेन्सेई सत्तरी ओलांडलेल्या जपानी बाई. इथे कॅनडात, एटोबिकोच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये केंदो, म्हणजे बांबूच्या तलवारीची विद्या, शिकवतात. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं, "आवाज न करता प्रॅक्टिस करा, नाहीतर हॉल सोडा."

केंदो आणि आवाज नको! म्हणजे कीर्तन करा, पण तोंड उघडू नका.

नागपूरहून इथे आले तेव्हा मी लहान होते. शाळेत माझ्या इंग्रजीला हसायचे, म्हणून मी गप्प. घरी जरा मोठ्याने बोललं की खालचा भाडेकरू छत ठोकायचा, म्हणून आईही म्हणायची, "हळू गं." केंदोचा क्लास घरापासून चालत जाण्यासारखा होता, एवढ्यासाठीच बाबांनी मला तिथे घातलं.

पहिला शब्द शिकले 'रेई', वाकून नमस्कार. मग 'मेन', डोकं. 'कोते', मनगट. जिथे मारायचं त्याचं नाव घेऊन ओरडायचं. या ओरडण्याला म्हणतात 'किआइ'. ते नसेल तर फटका कितीही नेमका बसो, पॉइंट मिळत नाही.

लोखंडी जाळीचं शिरस्त्राण घालून सेन्सेई समोर उभ्या राहिल्या. "हाजिमे!" म्हणजे कर सुरू. पण मोठ्या माणसाच्या डोक्यात काठी कशी घालायची? मी ती अलगद टेकवली आणि म्हटलं, "सॉरी."

जाळीआडून त्या खो-खो हसल्या. "सॉरी अख्खा कॅनडा म्हणतो. तू 'मेन' म्हण. पुन्हा!"

पुन्हा. पुन्हा. आणि मग एकदम माझ्या तोंडून निघालं, "मेन!" बाकावरची आई दचकून उभीच राहिली. "अगं बाई, एवढा आवाज होता तुझ्यात?" घरी जाताना बर्फातून तीच "मेन! कोते!" ओरडत चालली होती, माझ्यापेक्षा मोठ्याने. तिला इतकं मोकळं मी या देशात तोवर पाहिलं नव्हतं. ओल्या हातमोज्यांचा वास आला की अजून तो रस्ता आठवतो.

मंगळवारी सेन्सेईंनी त्या मॅनेजरला रेई केलं. मग आमच्याकडे वळून "यामे", थांबा, म्हणाल्या. इतक्या हळू, की मागच्या रांगेला ऐकूच गेलं नाही. तेव्हापासून क्लास बंद आहे.

इथल्या मराठी मंडळींनो, तुमच्या गणपतीच्या ढोलांची प्रॅक्टिस याच हॉलमध्ये होते. आज आमचा आवाज बंद केला, उद्या तुमचा नंबर आहे. येत्या मंगळवारी सेंटरची मीटिंग आहे, संध्याकाळी सात वाजता. या. आणि मागे बसून नुसत्या माना हलवू नका. उठा आणि मोठ्याने सांगा: सेन्सेईंचा क्लास आवाजासकट परत द्या.