टपालाची पिशवी

नाटक मीच लिहिलं, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी सापडत नाही. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात मी शिक्षिका आहे. शाळेच्या गॅदरिंगला यंदा मोठ्यांनीही काम करावं असं ठरलं आणि मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी समुद्रावरची लढाई घेतली. एक टपालजहाज आणि त्याच्यावर चालून आलेलं लुटारूंचं जहाज. हे लुटारू राजाचा परवाना घेऊन लुटायचे. परवान्याचं गावाला लगेच पटलं. समुद्र म्हणजे मांडववाल्याचं निळं कापड, जहाजं म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्या.

कप्तान केलं गावच्या निवृत्त पोस्टमनना. सारी नोकरी वाड्यावस्त्यांवर सायकल मारण्यात गेलेला माणूस. लढाई झकास करायचे. पण हार दिसली की कप्तानाने टपालाची पिशवी समुद्रात बुडवायची, शत्रूच्या हाती लागू द्यायची नाही, असा त्या काळचा नियम. माझ्या नाटकाचा शेवटही तोच. तिथे आलं की काका पिशवी काखेत घट्ट धरून उभे.

"काका, टाका ना."

"मला कापून टाकू द्या त्यान्ला. पिशवी न्हाई टाकायचो मी."

"अहो, आत रद्दी आहे."

"बघनाऱ्याला काय म्हाईत?"

आठ दिवस हेच. माझं डोकं उठलं. शेवटी मी सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले, जमत नसेल तर राहू द्या, मी दुसरा माणूस बघते.

गॅदरिंगला त्यांनी पिशवी टाकली. धप्पकन आवाज आला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "आत्ता कळलं, आमची पत्रं कुठं जायची ते!" सारं गाव हसलं. शिट्ट्या पडल्या. ते ट्रॉलीवर तसेच उभे राहिले. मग लोकांकडे बघून म्हणाले, "एक बी हरवलं न्हाई माज्याकडनं." त्यावर तर आणखीच हशा झाला.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. त्यांनी चहा दिला, नाटक चांगलं झालं म्हणाले. गावात आता त्यांना पत्रावरून छेडतात. मी भांडते, तर लोक मलाच समजावतात, "चेष्टा हाय हो मॅडम, मनावर काय घेता?" मला स्वतःचाच संताप येतो.

काल रेशनच्या रांगेत कोणीतरी हाक मारली, "ओ बुडवे पोस्टमन!" आणि त्यांनी मुकाट्याने ओ दिली.