बदरुन्निसाचा हात

बदरुन्निसाबद्दल चांगलं लिहायचं माझ्या जिवावर येतं. नऊ वर्षं मी तिला पाण्यात पाहिलं आहे. तरी लिहिते आहे, कारण तिच्याबद्दल खरं काय ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. माणूस ज्याचा हेवा करतो त्याच्याकडे फार बारकाईनं बघतो.

वाशीम शहर सोडलं की दोनेक किलोमीटरवर आमचं फार्मसी कॉलेज आहे. तिथे विद्यापीठाचं संशोधन केंद्र असल्यामुळे मागच्या बाजूला प्राणिगृह आहे. दोन खोल्या पांढऱ्या उंदरांच्या, एक सशांची. माणसाला द्यायच्या औषधाचे प्रयोग आधी इथे होतात. मी खुशबू, या प्राणिगृहाची प्रमुख. दारावर माझ्या नावाची पाटी आहे आणि हैदराबादला पंधरा दिवस प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र आत फ्रेममध्ये लावलेलं आहे. बदरुन्निसा परिचर. पिंजरे धुणं, त्यांत अंथरलेलं तूस बदलणं, दाणापाणी, वजन घेणं ही तिची कामं. शिक्षण सातवीपर्यंत.

तिचं माहेर इंझोरीचं, पिंजाऱ्याचं घर. वाशीमला रहमतुल्लाशी लग्न झालं तेही कापूस पिंजण्याच्याच घरात. पंधरा-वीस वर्षं नवऱ्याबरोबर तिनं गाद्या भरल्या. मग लोक फोमच्या गाद्या घ्यायला लागले, पिंजायच्या मशीनवर धूळ बसली आणि ती आमच्याकडे झाडूपोछ्याला आली. प्राणिगृहात ती शिरली ती एका मे महिन्यात. दुपारी एसी बंद पडला आणि मिस्त्री अकोल्याहून यायचा होता. आम्ही सगळे फोन करत उभे राहिलो. हिनं कोणाला न विचारता खिडक्यांना ओली पोती लावली, पिंजरे एकेक करून पॅथॉलॉजीच्या थंड खोलीत नेले आणि संध्याकाळपर्यंत पोत्यांवर पाणी मारत बसली. एकही उंदीर दगावला नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि तिला माझ्या खोल्या दिल्या. मला कोणी विचारलंही नाही.

माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

तिची एकेक तऱ्हा सांगते. आत जाण्याआधी ती दारावर टकटक करायची. पहिल्या दिवशी मी हसले. "बाई, आत उंदीर आहेत. ते काय या म्हणणार आहेत?"

"म्हणत नाहीत मॅडम," ती म्हणाली, "पन एकदम दार उघडलं का दचकून राह्यले ते."

पिंजऱ्यात हात घातला की ती लगेच उंदीर उचलायची नाही. हात तळाशी नुसता ठेवून द्यायची, तळवा वर करून. मिनिट जाईल, दोन जातील. एखादा उंदीर येऊन बोटं हुंगायचा, मग चढून बसायचा. मग ती दोन्ही हातांच्या ओंजळीत त्याला वर घ्यायची. शेपटीला धरून उचललेलं मी तिला एकदाही पाहिलं नाही. घरून पिंजलेल्या कापसाचे पुंजके आणायची, ते निर्जंतुक करून पिंजऱ्यात टाकायची. उंदीर त्यांची घरटी करायचे. परदेशी पुस्तकांत यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. मी ती वाचली होती, आणि हिनं न वाचता केलं होतं.

नावं मात्र ती ठेवायची नाही. शेपटीवर मार्करनं काढलेल्या रेघा हीच त्यांची ओळख. "नाव ठेवलं का मंग हात थरथरते," म्हणायची. शेवटी या सगळ्यांचं काय होतं ते तिला माहीत होतं, आणि शेवटच्या दिवशी पशुवैद्याच्या इंजेक्शनच्या वेळी उंदीर तिच्याच हातात असायचा.

विद्यार्थी तिला आपा म्हणत. मी हट्टानं बाई म्हणायचे. शंका आली की पोरं माझ्या केबिनवरून सरळ पुढे जात आणि तिला विचारत. संस्कृती नावाची माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, जिची मी मार्गदर्शक, तीसुद्धा.

खोटं कशाला सांगू, मी तिची नक्कल करून पाहिली. ती नमाजाला गेली की मी पिंजऱ्यात हात ठेवून शंभरपर्यंत आकडे म्हणायचे. उंदीर कोपऱ्यात तोंड करून बसायचे. मी अत्तर सोडलं, पावडर सोडली. ती कोणता साबण वापरते ते गप्पांमध्ये काढून घेतलं आणि तोच आणला. आठवडाभरानं एक उंदीर आला, माझं बोट हुंगलं आणि चावला.

मागच्या वर्षी पाहणीला नैतिकता समिती आली. प्रयोगातल्या प्राण्यांना विनाकारण त्रास होत नाही ना, हे पाहणारी ही समिती. मी तीन दिवस खपून कागद लावले होते. एका सदस्यबाईंनी मला उंदीर हाताळून दाखवायला सांगितला. मी उचलला तसा तो किंचाळला. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या बदरुन्निसाला बोलावलं. तिनं हात ठेवला. खोलीतली सात माणसं श्वास रोखून उभी, आणि उंदीर तिच्या मनगटावर चढून मिशा पुसत बसला.

"हे कुठे शिकलात?" बाईंनी विचारलं.

"गादी भरता भरता," ती म्हणाली. "कापूस दाबून भरला का गाठी होतात. हात हलका ठेवा लागते."

अहवालात दोन ओळी तिच्या हाताळणीवर होत्या. माझ्यावर एक होती, नोंदी नीट असल्याची. मी तो अहवाल प्राचार्यांच्या हातात देताना हसत होते आणि आतून जळत होते.

आता मूळ गोष्ट. भाद्रपद लागता लागता आमचं पर्युषण चालू होतं. आमचं जैनांचं घर, बाबांचं, म्हणजे अमृतलालांचं, भांड्यांचं दुकान. ते आठ दिवस घरात हिरवी भाजी येत नाही, मी एकभुक्त असते. त्याच वेळी संस्कृतीचा सांधेदुखीवरच्या औषधाचा प्रयोग चालू होता. उंदराच्या पायात सूज आणून मग निरगुडीचा अर्क द्यायचा. संस्कृती त्या आठवड्यात तपासण्यांसाठी नागपूरला होती.

चौथ्या दिवशी सकाळी बदरुन्निसा केबिनच्या दाराशी आली. "मॅडम, दोन नंबरच्या पिंजऱ्यातला तीन रेघांचा चांगला नाही. खाऊन नाही राह्यला. पाठीले पोक आलं, डोळ्याले लाल आलं."

उंदराला फार त्रास झाला की डोळ्यांभोवती लालसर द्रव येतो, रक्तासारखा दिसतो. मी जाऊन पाहिलं. दोनशेवीस ग्रॅमचा तो उंदीर एकशे एकाहत्तरवर आला होता. प्रयोगाच्या मंजुरीत स्पष्ट लिहिलं होतं: वजन पाचव्या हिश्श्यानं उतरलं, की प्रयोग संपायची वाट न पाहता त्या प्राण्याला वेदनेतून सोडवायचं. प्रमुखाची सही हवी, मग पशुवैद्य इंजेक्शन देणार. मी स्वतःच ते कलम लिहिलं होतं.

"त्याले मोकळं करा मॅडम," ती म्हणाली. "आजच डॉक्टरले बलावा. मी तक्त्यावर लाल टिकली लावली."

ती तक्त्यावर टिकल्या लावायची. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे वाईट. तिची टिकली आधीच लागलेली पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निर्णय हिनं घेऊन टाकला होता, मी फक्त सही करायची होती. उद्या सगळे म्हणणार, आपानं वेळेवर ओळखलं.

मी म्हटलं, "बाई, आमचं पर्युषण चालू आहे. या आठ दिवसांत माझ्या सहीनं जीव जाणार नाही."

दुसरं कुठलंही कारण दिलं असतं तर ती भांडली असती, सशांच्या खोलीच्या पंख्यासाठी ती प्राचार्यांशीही भांडली होती. पण ती पाच वेळा नमाज पढणारी, रोजे धरणारी बाई. दुसऱ्याच्या धर्मात तोंड घालणं तिला पाप वाटायचं. आणि मला ते माहीत होतं.

"धरमाचं असन त मी काय बोलू," ती म्हणाली आणि गेली.

नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिला गप्प केलं होतं. मला बरं वाटलं, अगदी गार वाटलं. तक्त्यावर तिच्या लाल टिकलीशेजारी मी "सौम्य" असं लिहिलं. आमचे पशुवैद्य डॉ. धम्मरत्न वानखडे रिठदला राहतात, त्यांचा दुपारी नेहमीचा फोन आला. वजनाचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "काठावर आहे, बघू दोन दिवस."

पुढचे चार दिवस बदरुन्निसानं जे केलं ते मी दाराच्या काचेतून पाहिलं. दुसऱ्या उंदरांनी तुडवू नये म्हणून त्याला वेगळा ठेवला. तूस काढून सगळा कापूस अंथरला. दाणे पाण्यात भिजवून लगदा केला आणि बोटावर घेऊन त्याच्या तोंडाशी धरला. पहिल्या दिवशी त्यानं दोनदा चाटला. मग नाही. बाकीचं काम आटोपलं की ती स्टूल घेऊन बसायची, हात पिंजऱ्यात, आणि तो डोकं तिच्या तळव्यावर टेकवून पडलेला असायचा. मागचा पाय त्याला ओढताही येत नव्हता. मला त्याची दया यायला हवी होती. माझ्या मनात एवढंच येत होतं, की मरतानाही यांना हिचाच हात लागतो.

संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी मी घरी आजीपाशी बसले. अंगुरीबाई, माझ्या बाबांची आई, उपवासानं कोमेजलेली, माळ घेऊन बसली होती. मी मोठ्या दिमाखात सांगितलं, की पर्युषणात माझ्या हातून जाणारा एक जीव मी थांबवला. ती परिचर मागे लागली होती, मी धर्म सांगून तिला गप्प केलं.

आजीनं माळ थांबवली. "खाते का तो?"

"नाही."

"चालते?"

"नाही."

तिनं माळ मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मारावं का नाही ते मले पुसू नको, ते आपल्या साधू महाराजसाहेबांले पूस. मी येवढंच पुसतो, तू तिले धरम सांगितला तवा तुह्या मनात धरम होता का?"

मी उठून आत गेले. उत्तर तिनं माझ्या तोंडावर वाचलं होतं.

सकाळी संवत्सरी. सुट्टी होती तरी मी सातला कॉलेजात गेले. उंदीर एकशे बावन्न ग्रॅमवर होता आणि जिवंत होता. मी डॉ. वानखडेंना फोन करून चार दिवसांचं खरं वजन सांगितलं. ते मोटरसायकलवर आले, तक्ता पाहिला, लाल टिकली पाहिली, तिच्याशेजारचं माझं अक्षर पाहिलं. "हे चार दिवसांआधी व्हायला हवं होतं," एवढंच म्हणाले. मी सही केली. बदरुन्निसानं त्याला ओंजळीत घेतलं. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं.

पुढे मी समितीला सगळं लिहून दिलं, माझ्या खोट्या नोंदीसकट. मला लेखी समज मिळाली आणि नियम बदलला. आता परिचराची लाल टिकली लागली की पशुवैद्याला थेट फोन जातो, माझ्या सहीसाठी कोणी थांबत नाही. हे बरोबर झालं, आणि तरी मला लागलं.

पण त्या सकाळचं राहिलं. संवत्सरीला आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. माझ्या फोनवरून दोनेकशे लोकांना "मिच्छामि दुक्कडम्" गेलं होतं, नातेवाइकांना, दुकानाच्या गिऱ्हाइकांना, शाळेतल्या मैत्रिणींना. डॉक्टर गेल्यावर मी मोरीपाशी गेले. बदरुन्निसा तो पिंजरा धूत होती. मी तिला सांगितलं, की तो धर्म नव्हता, तो तुझा हेवा होता. तू सांगितलंस म्हणून मी केलं नाही. मला माफ कर.

तिनं नळ बंद केला. रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मले कायले माफी मागता मॅडम," ती म्हणाली. "मी त रोज घरी जाऊन जेवली, झोपली. चार दिवस त्यानं काढले."

आणि तिनं पुन्हा नळ सोडला. मी तिथेच उभी राहिले. मला रडू येत होतं, आणि त्या रडण्याच्याही आधी माझ्या मनात आलं होतं, की हे मला कळायला हवं होतं, आणि तेही तिलाच कळलं.