अकरा नळ्या रक्त

डॉक्टरांनी शाईचं पॅड माझ्यापुढं सरकवलं. "अंगठा."

माझ्या खिशात पेन होतं. मी सरकारी कचेरीत कारकून, दिवसभर सह्याच करतो. तरी दिला अंगठा. म्हटलं, साहेब चिडले तर पोरीचं औषध राहायचं. एवढा मी शहाणा!

पोरगी सहा वर्षांची, जन्मापासून बहिरी. बायको माझ्या मामाची मुलगी. तिचा भाऊ बहिरा, माझी बहीण बहिरी. दोन हजार सालानंतर कधीतरी पेपरात वाचलं : आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या पेशी असतात, मेल्या की परत उगवत नाहीत, पण शास्त्रज्ञांनी जनावरांच्या कानात जनुक सोडून नव्या उगवून आणल्या. त्यात गंगापूर रोडचे हे डॉक्टर म्हणाले, "सगळ्या घराचं रक्त लागेल." मला वाटलं, आली आपली पाळी. भर द्राक्षतोडणीत दिंडोरीहून टेम्पो भरून माणसं आणली. अकरा जण. पांढऱ्या कपड्यांत, जयंतीला निघाल्यासारखे. वर उपाशीपोटी. उपाशी या असं कुणी सांगितलंच नव्हतं.

रक्त काढून झालं. डॉक्टरांनी आम्हाला भिंतीला उभं केलं आणि फळ्यावर आमची वंशावळ काढली. बहिरे ते काळे गोळे. शिकाऊ पोरांना म्हणाले, "हे लोक घरातल्या घरात लग्नं लावतात. आपल्याला आयती प्रयोगशाळा."

पोरं हसली. मीही हसलो. साहेब हसले की हसायचं, कचेरीची सवय. पोरगी माझं तोंड बघत होती. मी हसलो म्हणून तीही हसली. फळ्यावरच्या काळ्या गोळ्याकडं बोट केलं, मग स्वतःकडं.

माझं तोंड मिटलं.

मामा कुजबुजले, "भाच्या, आता आयकू येईल ना रं तिला?"

मी तेच डॉक्टरांना विचारलं.

"अहो, उंदरातलं माणसात यायला जन्म जातील. हे रक्त संशोधनाला."

"मग नळ्या परत द्या."

"काय करणार? पिणार?"

टेबलावरच्या अकराही नळ्या मी उचलल्या, तिथल्याच बेसिनमध्ये ओतल्या. नळ सोडला. अंगठ्याचा कागद फाडला. डॉक्टर ओरडत राहिले.

टेम्पोत हातवारे करून पोरीला सगळं सांगितलं. कान बरे होणार नाहीत. ते आपल्याला हसत होते. मीही. तिनं पाठ फिरवली ती दिंडोरी येईपर्यंत.

औषध अजून निघालं नाही. उद्या निघालं तरी त्यांच्या यादीत आमचं घर नसेल, ठाऊक आहे. पण यापुढं या घराचं रक्त ज्याला हवं, त्यानं आधी तिच्यासमोर बसायचं. तिच्या हातांच्या भाषेत विचारायचं. ती नाही म्हणाली तर एक थेंब नाही.