तळहाताने निवडलेले बॉक्स

सोवाला ऐकू येईनासं झालं होतं, हे त्याच्याखेरीज फक्त त्याच्या मुलीला माहीत होतं.

ऐकू येणं एकदम गेलं नाही. आधी चमच्यांचा आवाज गेला. मग पाखरांचा. मग बायकांची बोलणी गेली. ओठ हलत, पण शब्द ओल्या कापडातून आल्यासारखे येत. जाड, खालचे आवाज सर्वांत उशिरा गेले, म्हणून बराच काळ त्याने स्वतःलाच फसवलं. बास गिटार अजून ऐकू येते, असं तो मनाशी म्हणे. खरं तर ती त्याला छातीत आणि तळव्यांत कळत होती. कानांचा तिच्याशी संबंध उरला नव्हता.

जेम्स टाउन या समुद्राकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत, दीपस्तंभामागच्या गल्लीत त्याची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये गिटारचा आवाज वाढवणारा एक जुना, जड अँप आणि स्पीकरचे तीन बॉक्स. दोन बॉक्स पंधरा इंची एकेका स्पीकरचे. तिसऱ्यात दहा इंची चार स्पीकर. ओदार्ते स्वतःच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. ती बास या चार वस्तूंतून यायची, आणि कुठले बॉक्स कधी अँपला जोडायचे हे सोवा ठरवायचा. एकतीस वर्षं तोच ठरवत आला होता.

त्याच्या घरचे सगळे होडीवर जाणारे. हा एकटा लाटेवर ओकायचा. बापाने दोन वर्षं पाहिलं आणि सोडून दिलं. एकोणिसाव्या वर्षी तो ओदार्तेच्या बँडचं सामान उचलायला लागला. त्या काळी हाताला येईल ते कशालाही जोडत. कोफोरिदुआ गावातल्या एका लग्नात जास्त दणका हवा म्हणून बँडने एकाच अँपला तीन बॉक्स लावले. दुसऱ्या गाण्याला अँपमधून धूर निघाला. धुराआधी वास आला होता आणि तो फक्त सोवाला आला होता. दुसऱ्या दिवशी तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे जाऊन बसला. आठ ओहमचे दोन बॉक्स एकत्र जोडले की अँपवर चारचं ओझं येतं, तिसरा जोडला की चारच्याही खाली, आणि आकडा जितका खाली तितका अँप आतून भाजतो, हे त्याने समजून घेतलं. हातावर पेनाने लिहून आणलं. तेव्हापासून बँडमधलं कोणीही त्याला विचारल्याशिवाय वायरीला हात लावत नसे.

पुढचं कोणी शिकवलं नाही. सिमेंटच्या भिंतींच्या सभागृहात मोठे स्पीकर नेले की आवाज परत येऊन लापशी होते. तिथे दहा इंची चार. उघड्यावर आवाज परत फेकायला भिंत नसते. तिथे हवा जास्त ढकलावी लागते, म्हणून एक पंधरा इंची आणि वर दहाचा बॉक्स. खालचा पोटाला, वरचा कानाला. कोपऱ्यात ठेवला की बास फुगते, दोन हात पुढे ओढला की शहाणी होते. जागेवर गेला की तो आधी टाळी वाजवायचा आणि कान देऊन उभा राहायचा. गेली दोन वर्षं तो टाळी वाजवत होता आणि नुसता उभा राहत होता.

दरवर्षी सणाआधी देवस्थानाच्या आज्ञेने ढोल आणि मोठे आवाज बंद राहतात, तो बंदीचा महिना सुरू होण्याआधी ओदार्ते शेडवर आला. सोबत केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, आणि तळलेला मासा. दोघं एका वयाचे. एकमेकांच्या लग्नात भांडलेले.

"आशोंगचं डोकं फिरलंय," ओदार्ते म्हणाला. आशोंग म्हणजे बँडमधला नवा कीबोर्डवाला. "म्हणतो, बासची वायर सरळ मोठ्या साउंडमध्ये घाला. लोकांच्या समोरच्या स्पीकरमधून येईल. हे बॉक्स वाहायचे कशाला?"

सोवा त्याच्या ओठांकडे बघत होता. "तू काय म्हणालास?"

"म्हणालो, सोवाचा अँप तुझ्या बापापेक्षा मोठा आहे."

"आणि तो?"

"म्हणाला, वजनाने मोठाच आहे."

दोघं हसले. सोवा क्षणभर उशिरा हसला.

"हे बघ," ओदार्ते मासा मोडत म्हणाला, "पोरं ऐकत नाहीत माझं. मी त्यांना सांगितलंय, बंदी उठल्यावर पहिला कार्यक्रम होडीवाल्यांच्या संघाचा आहे, शाळेच्या पटांगणात. सोवा लावेल. तुम्ही समोर उभे राहून ऐका. त्या दिवशी बास अशी वाजली पाहिजे की पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. नाही वाजली तर मग मला काही बोलता येणार नाही."

"वाजेल."

"माझी बोटं म्हातारी झाली. तू तरी होऊ नकोस."

"तू जन्मलास तेव्हाच म्हातारा होतास," सोवा म्हणाला.

मग महिना लागला. ढोल बंद झाले. चर्चमधले ड्रम कापडाखाली गेले. गल्लीत कोणी रेडिओही मोठा केला नाही. सोवाला या महिन्याची पूर्वी चीड होती. आता तो महिना त्याला हवासा वाटे. सगळं गाव हळू बोलत असलं की त्याचं नीट न ऐकणं खपून जाई. जग त्याच्याएवढं झालं होतं.

पण जोडी ठरवायची होती. त्याची पद्धत सगळ्या गल्लीला पाठ होती. दोन बॉक्स जोडायचे, बास गिटारची सर्वांत जाड तार छेडायची आणि आवाज पूर्ण चढवून दहा मिनिटं ठेवायचा. बॉक्समध्ये काही सैल असेल, स्पीकरचा कागदी पडदा फाटला असेल, तर ते पूर्ण आवाजातच बोलतं. शेजारणी शिव्या द्यायच्या. या महिन्यात ते करणं शक्य नव्हतं. आवाज केला तर देवस्थानाची माणसं दारात आली असती, आणि सगळा जन्म या गावात काढून तो गुन्हा त्याने केला नव्हता.

म्हणून त्याने दार लावलं, आवाज अगदी तळाशी ठेवला, आणि बॉक्सवर तळहात ठेवला.

त्याची मुलगी लामिले कपड्यांच्या घड्या करत बसली होती. तिला सहा महिन्यांपूर्वी कळलं होतं. ती मागून तीनदा "डॅडी" म्हणाली होती आणि तो वळला नव्हता.

त्याने दहाचा बॉक्स लावला. तार छेडली. हाताखाली काही आलं नाही. पुन्हा छेडली. अगदी बारीक, माशी बसल्यासारखं.

"हा मेलाय," तो म्हणाला.

लामिलेने मान वर केली. "मला तर छान ऐकू येतोय. एकेक सूर वेगळा."

"काय?"

ती उठून समोर आली. "छान. ऐकू. येतोय."

"तुला काय कळतं? यात जीव नाही."

मग त्याने पंधराचा पहिला लावला. तळहातात धडधड आली. दुसरा लावला. हा तर पहिल्यापेक्षा जोरात थरथरत होता. सगळी फळी हलत होती. या बॉक्सच्या स्पीकरची कडेची रबरी पट्टी समुद्राच्या खाऱ्या हवेने खाल्ली होती आणि एका बाजूने सुटली होती. ती सुटलेली होती म्हणून तो एवढा हलत होता. जाळीमागे काही दिसत नव्हतं, आणि एवढ्या लहान आवाजात तिची फरफर ऐकू येत नव्हती. सोवाला वाटलं, हाच सर्वांत जिवंत.

"दोन्ही पंधराचे," तो म्हणाला. "आठ आणि आठ, चार. अँपला सोसेल."

"डॅडी, तुम्ही उघड्यावर नेहमी दहाचा वर ठेवता ना?"

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. त्याला शब्द कळले होते.

"ओदार्ते अंकलना एकदा बोलावून ऐकवू या का? दार लावून. दोन मिनिटं."

"नको."

"ते कोणाला सांगणार नाहीत."

"त्याला कळलं की झालंच," सोवा म्हणाला. "सांगायची गरज नाही."

लामिले पुन्हा कपड्यांशी जाऊन बसली. तिने एकच सदरा दोनदा घडी केला.

बंदी उठली. त्या दिवशी ढोल वाजले तेव्हा सोवा दारात उभा होता. जमीन हलली म्हणून त्याला कळलं. त्याने दहाच्या बॉक्सवर चादर टाकली.

शनिवारी दुपारी शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला. खाली सिमेंट. होडीवाले एकसारख्या निळ्या कापडात. सोवाने टाळी वाजवली, उभा राहिला, बॉक्स मागच्या शाळेच्या भिंतीपासून दोन हात पुढे घेतले. वायर स्वतः ओढली. वीज नव्हती. जनरेटर आला तेव्हा लोक बसले होते, संघाच्या अध्यक्षांचं भाषण संपत आलं होतं. पूर्ण आवाजात दहा मिनिटं चालवून बघायला वेळ मिळाला नाही. आशोंग हात बांधून उभा होता. ओदार्तेने सोवाकडे बघून भुवई उडवली. सोवाने मान हलवली आणि अँपचं बटण चढवलं.

पहिल्या सुराला सोवाच्या छातीत काहीतरी उघडलं. इतक्या दिवसांत एवढं भरून आलं नव्हतं. पोटात, दातांत, गुडघ्यांत बास होती. त्याने सुटलेल्या पट्टीच्या बॉक्सवर हात ठेवला आणि तो हसला. हे आपण अजून करू शकतो, हे त्याला कळत होतं.

पहिल्या रांगेतल्या एका बाईने कानावर हात ठेवला. ढोलकवाल्याने मागे वळून पाहिलं. सोवाला वाटलं, दणक्याने.

मग हाताखालची धडधड कमी झाली. ओदार्तेने गिटारवरचं बटण खाली केलं होतं. म्हातारा दमला, सोवाच्या मनात आलं. त्याने अँप थोडा चढवला. ओदार्तेने पुन्हा खाली केलं. सोवाने पुन्हा चढवला. दोघं तीन हातांवर उभे होते. ओदार्ते त्याच्याकडे बघत होता. तो रागावलेला नव्हता. एखादा माणूस रस्त्यात पडलेला दिसावा आणि तो ओळखीचा निघावा, तसं तो बघत होता.

तेव्हा सोवाने सगळ्यांचे चेहरे पाहिले.

त्याने बॉक्सच्या जाळीला नख लावलं. नख थडथड उडत होतं. बासच्या धडधडीपेक्षा वेगळं, कोरडं, भलतंच. आपण महिनाभर याच थरथरीवर हात ठेवून खूश होत होतो, हे त्याला त्या जागी उभ्या उभ्या कळलं.

गाणं संपलं. लोकांनी टाळ्या दिल्या, थोड्या. आशोंग वायर घेऊन पुढे आला. ओदार्तेने ती त्याच्या हातून घेतली, त्याला मागे पाठवलं, आणि सोवाजवळ येऊन तोंड त्याच्या तोंडासमोर धरलं. शब्द सावकाश उच्चारले.

"किती दिवस?"

सोवाने जाळीवरचा हात काढून घेतला.

"तुला विचारतोय मी. किती दिवस?"

"दोन वर्षं."

"गाढवा," ओदार्ते म्हणाला. "दोन वर्षं मी बोलत होतो ते कोणाशी मग?"

सोवा हसायला गेला. ते जमलं नाही. त्याने खाली वाकून अँप बंद केला. दुसऱ्या कोणाला करू दिला नाही. मग ओदार्तेच्या हातातली वायर घेतली, त्याच्या गिटारमध्ये खोचली, आणि दुसरं टोक आशोंगकडे दिलं.

"समोरच्या मोठ्या साउंडला लाव," तो म्हणाला. "चांगली घट्ट बसव."

"अंकल, तुम्ही बसा," आशोंग म्हणाला. त्याने वर बघितलं नाही.

संघाच्या एका माणसाने खुर्ची आणली, वडीलधाऱ्यांच्या रांगेत. लामिले येऊन शेजारी उभी राहिली. कोणीतरी माल्टच्या गोड पेयाची थंड बाटली हातात दिली. मोठ्या माणसांना देतात तशी, दोन्ही हातांनी.

बँडने दुसरं गाणं धरलं. ओदार्तेची बोटं चालत होती. लोक उठून नाचायला लागले, निळी कापडं हलायला लागली. सोवाने सवयीने पाय सिमेंटवर सपाट टेकवले. बास आली. आखूड, गोल, एकेक सूर सुटा. कुठे काही सैल नाही. गाणं संपेपर्यंत तो तिच्यातला दोष शोधत राहिला.

"बरं वाजतंय का, डॅडी?" लामिलेने वाकून विचारलं.

"बरं वाजतंय," सोवा म्हणाला.