जयवंताच्या वाट्याचं मटण

खाल्लेलं अंगी लागलं की नाही, हे फक्त वजनकाटा सांगतो, असा महाल मोहल्ल्यातल्या रामाजी वस्तादांचा सिद्धान्त होता. त्यांचं पोट पाहून कुणी वाद घालत नसे.

त्यांच्या घरी रविवारी मटण शिजे. बोट्या पुरुषांना, बायकांना रस्सा; वर "खरी ताकद रश्शातच" हा फुकटचा उपदेश. त्यांची पुतणी जयवंता त्या रश्शावर वाढली आणि तरीही मोहल्ल्याच्या कबड्डी संघात शिरली. १९७४ साली जिल्ह्याच्या सामन्यांआधी ती वस्तादांना म्हणाली, "मोठेबाबा, मले बी चंपतसारखा खुराक पाहिजे." चंपत तिचा धाकटा भाऊ, आखाड्यातला पहिलवान आणि बोट्यांचा जन्मसिद्ध वारस.

वस्ताद हसले. "देतो वं. पण सामन्यांपर्यंत वजन नाही वाढलं, तर खुराकही बंद अन् कबड्डीही बंद. मंग मुकाट लग्न कर."

दोघांना सारखंच मटण, सारखंच दूध, सारख्याच जोर-बैठका. चंपत असा फुगला की सदऱ्याची बटणं त्याला सोडून जाऊ लागली. जयवंता होती तशीच. शेजारणी हळहळत, "हिचं खाल्लेलं जाते कुठं वं?" वस्तादांच्या घरच्या रश्शाचा हिशेब मात्र कुणी विचारला नाही, याचा मला अजून संताप येतो.

सामन्यांच्या तोंडावर वस्तादांनी दोघांना इतवारी बाजारातल्या अडत्याकडे पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. चंपत चांगलाच भरला. जयवंता तोळाभरही वाढली नव्हती.

"बाईच्या अंगी खुराक लागतच नाही," वस्तादांनी अख्ख्या बाजाराला ऐकवलं. "बंद!"

जयवंताचे डोळे भरून आले. ती तरातरा उतरली, शेजारचं तुरीचं पोतं मांडीवर घेतलं, खांद्यावर चढवलं आणि नेऊन बैलबंडीत टाकलं. मग दुसरं. खुराकाआधी वजन करायला आली तेव्हा असलं एक पोतं तिच्यानं जागचं हललं नव्हतं, आणि हमाल खो खो हसले होते. आता ते तंबाखू मळायचे थांबले. चंपतनंही एक उचललं. ते तो आधीही उचलायचा, फक्त तेव्हा धापा टाकत नसे.

वस्ताद अडत्यावर खेकसले, "काहून गा, काटा बिघडला का तुहा?"

"काटा बराबर आहे, मोठेबाबा," जयवंता म्हणाली. "याच्या अंगावर चढलं, माह्या अंगात गेलं. कबड्डी मी खेळीनच. अन् आजपासून घरात मटण मी वाढीन."